राईची गोधडी आणि डबल बेल

राई म्हणजे मांजराचं पिल्लू.
केवढं? वाटीत मावेल एवढं.
शेपूट मात्र वाटीबाहेर.

राईची एक गोधडी होती. लाल. ठिपक्याठिपक्यांची. आईने जुन्या साडीची शिवलेली. रुमालाएवढी.
राई तिच्यावरच झोपायची. आधी पंजे मारायची. इकडे दोन, तिकडे दोन. मग गोल फिरायची. मग गप्प.
गोधडी नसली की झोप नाही. झोप नसली की म्याँऊऊऊ. सगळ्यांचे कान दुखेपर्यंत म्याँऊऊऊ.

राई राहायची घरगाडीत.
घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत गादी. आत बादली. आत कांदे-बटाटे. पुढे गाडी चालवायला बाबा. मागे डबे सांभाळायला आई. आणि दारापाशी आजोबा.

आजोबा पूर्वी एसटीत कंडक्टर होते. म्हणून घरगाडीतही त्यांनी घंटा लावली. घंटेला बांधली दोरी.
एकदा टिंग, म्हणजे थांब.
दोनदा टिंग टिंग, म्हणजे चल. तिला म्हणायचं डबल बेल.
डबल बेल झाल्याशिवाय बाबा गाडी हलवायचा नाही. मागे म्हैस येऊन उभी राहिली तरी नाही.

घरगाडी निघाली कोकणात. एका बाजूला डोंगर. एका बाजूला समुद्र. आणि सगळ्या बाजूंनी वारा. सूं सूं. सूं सूं.
दुपार झाली. वाळू आली. वाळूत दोन मोठे खडक. दोन खडकांच्या मध्ये थोडी जागा.
बाबा म्हणाला, "इथेच लावू गाडी. इथे वारा मुळीच लागणार नाही."
आजोबांनी एक बेल दिली. टिंग.
राईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दातांत गोधडी.
वारा आला. फर्रर्र.
गोधडी सुटली. गोधडी उडाली. गोधडी पडली पुढे वाळूत.
मागून आलं चाक. कच्च. थांबलं.
बरोब्बर गोधडीवर.
लाल लाल एक टोक तेवढं बाहेर राहिलं.

राई खाली उतरली. टप टप टप. टोक धरलं. ओढलं. आणखी ओढलं. राईच मागे पडली. धप्प.

तेवढ्यात वैजूकाकी आल्या. वैजूकाकी तिथल्याच. खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या. काखेत टोपली, डोक्याला रुमाल.
त्या म्हणाल्या, "गाडी काढा हो. भरती येता."
भरती म्हणजे समुद्र वर वर येतो. वाळू झाकतो. आणि सापडेल ते घेऊन जातो.
आजोबा म्हणाले, "बसा, बसा. चहा घेऊन निघू."
वैजूकाकी बसल्या. चहाला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.
राईचे कान मात्र उभे राहिले. सापडेल ते घेऊन जातो? गोधडीसुद्धा?

राई चाकासमोर उभी राहिली. म्हणाली,
"चाका चाका, जरा हल.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

चाक होतं गोल. चाक होतं जाड. चाक म्हणालं, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"बाबा चावी फिरवेपर्यंत."
फस्स. समुद्र आला उलट्या होडीपर्यंत.
राई निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

बाबा होता पुढच्या सीटवर. पाय वर. टोपी डोळ्यांवर.
राई म्हणाली,
"बाबा बाबा, चावी फिरव.
चाक काही हलेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

बाबा टोपीखालून म्हणाला, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"आजोबा डबल बेल देईपर्यंत."
"आजोबा तर बाहेर बसलेत. खुर्ची टाकून."
"म्हणून तर मी थांबलोय," बाबा म्हणाला. आणि टोपी आणखी खाली ओढली.
फस्स. समुद्र आला खेकड्याच्या बिळापर्यंत. खेकडा बाहेर आला. तिरका तिरका पळाला.
राई निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

आजोबा बसले होते खुर्चीत. चपला काढून. वैजूकाकींना घाटातली गोष्ट सांगत होते. वैजूकाकी समुद्राकडे बघत हां हां म्हणत होत्या.
राई म्हणाली,
"आजोबा आजोबा, डबल बेल द्या.
बाबा काही चावी फिरवेना.
चाक काही हलेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

आजोबा म्हणाले, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"आई चहा देईपर्यंत. चहाच्या आधी मी डबल बेल देत नाही. चाळीस वर्षांत दिली नाही."
वैजूकाकी म्हणाल्या, "भरती इली हां."
आजोबा म्हणाले, "येऊ दे. तिलाही चहा देऊ." आणि पुन्हा घाटात गेले.
फस्स. समुद्र आला शिंपल्यांच्या रांगेपर्यंत. रांग मोडली.
राई निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

आई बसली होती खडकाखाली. पुढे शेगडी. शेगडीवर पातेलं. पातेल्यात पाणी. पाण्यात साखर. साखर तशीच तळाशी.
राई म्हणाली,
"आई आई, चहा दे.
आजोबा काही बेल देईनात.
बाबा काही चावी फिरवेना.
चाक काही हलेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

आई म्हणाली, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"शेगडी पेटेपर्यंत. बारा काड्या झाल्या. इथे म्हणे वारा मुळीच लागणार नाही."
ती हे मोठ्याने म्हणाली. गाडीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
गाडीत कुणाला काही ऐकू गेलं नाही.
फस्स. समुद्र आला आजोबांच्या चपलांपर्यंत. डावी चप्पल उठली. निघाली पोहायला.
राई वळली. एवढीशीच वळली. शेगडी समोरच होती. तरी पण, तुरु तुरु. तुरु तुरु.

राई म्हणाली,
"शेगडी शेगडी, जरा पेट.
आई काही चहा देईना.
आजोबा काही बेल देईनात.
बाबा काही चावी फिरवेना.
चाक काही हलेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

शेगडी होती राईएवढीच. तरी म्हणाली, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"वारा थांबेपर्यंत. मी पेटते, तो फुंकतो. भप्प. मी पेटते, तो फुंकतो. भप्प. मी काय वाढदिवसाची मेणबत्ती आहे?"
आईने तेरावी काडी ओढली. भप्प.
फस्स. समुद्र आला आजोबांच्या खुर्चीपर्यंत. आजोबांनी पाय वर घेतले. घाट काही सोडला नाही.
राई निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

वारा कुठे होता? इथे होता. तिथे होता. घरगाडीभोवती गोल गोल फिरत होता.
राई चढली खडकावर. चारही पंज्यांनी खडक धरला. शेपूट उडालं तोंडावर. शेपटीतून राई म्हणाली,
"वाऱ्या वाऱ्या, जरा थांब.
शेगडी काही पेटेना.
आई काही चहा देईना.
आजोबा काही बेल देईनात.
बाबा काही चावी फिरवेना.
चाक काही हलेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

वारा म्हणाला, "सूंऽऽ. लहान आहेस. थांब जरा."
राई म्हणाली, "मी काय थांबू? मी तुलाच थांब म्हणायला आले."
"तू थांब. मग मी थांबतो."
"जरा म्हणजे किती?"
"चाक हलेपर्यंत. हा एक खडक. तो एक खडक. मधून माझी वाट. रोज मी इथून सरळ जातो. आज मध्येच तुमची गाडी. जातो, आपटतो. फिरतो, आपटतो. माझं नाक बघ कसं झालंय."
राईला नाक काही दिसलं नाही. पण वारा खरंच आपटत होता. धाड. सूंऽऽ. धाड. सूंऽऽ.
फस्स. समुद्र आला घरगाडीच्या पायरीपर्यंत.
राई निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु. तुरु तुरु.

पुन्हा चाक.
राईला दम लागला होता. पण तिने सगळं म्हटलं. एकही ओळ गाळली नाही.
"चाका चाका, जरा हल.
वारा काही थांबेना.
शेगडी काही पेटेना.
आई काही चहा देईना.
आजोबा काही बेल देईनात.
बाबा काही चावी फिरवेना.
गोधडी माझी सुटेना.
गोधडीवाचून झोप येईना.
आणि समुद्र काही थांबेना."

चाक म्हणालं, "लहान आहेस. थांब जरा."
"जरा म्हणजे किती?"
"बाबा चावी फिरवेपर्यंत. मघाशीच नाही का सांगितलं?"

राई खाली बसली. राईने विचार केला.
चाक थांबलंय बाबासाठी.
बाबा थांबलाय आजोबांसाठी.
आजोबा थांबलेत आईसाठी.
आई थांबलीय शेगडीसाठी.
शेगडी थांबलीय वाऱ्यासाठी.
आणि वारा थांबलाय, म्हणजे फिरतोय, चाकासाठी.
गोल. गोल. गोल.
राईचं डोकं गरगरलं.
सगळे मोठे. सगळे शहाणे. आणि सगळे आपले बसलेले.
फस्स. लाट आली. लाल टोक भिजलं. लाटेने टोक ओढून पाहिलं. पुढच्या वेळी आणखी जोरात ओढीन, असं ओढून पाहिलं.

राईची शेपटी फुगली. ब्रशसारखी.
"मी लहान आहे," राई म्हणाली. "मला थांबायला वेळ नाही."

राई पायरी चढली. टप. दुसरी चढली. टप. तिसरी चढली. टप.
दारापाशी दोरी लोंबत होती. वर. खूप वर.
राईने उडी मारली. हुप्प. नाही पोचली.
पुन्हा उडी मारली. हुप्प. दोरीचं टोक मिशीला लागलं. मिशीने काही दोरी धरता येत नाही.
राई चढली कांद्याच्या टोपलीवर. कांदे घरंगळले. गड गड गड. शेवटच्या कांद्यावरून राईने मारली उडी. हुप्प.
धरली.
टिंग.

बाबा टोपीखालून म्हणाला, "थांबलोय की. आणखी किती थांबू?"
हो. एक बेल म्हणजे थांब.
राईने चारही पंजे दोरीला लावले. दातही लावले. शेपूटही गुंडाळलं. आणि घेतला झोका.
टिंग टिंग.

डबल बेल झाली.
बाबाने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. हातच पुढे गेला. हाताला सवय होती.
बाबाने चावी फिरवली. घुर्र घुर्र.
चाक हललं. खस खस.
वाट मोकळी झाली. वारा सरळ गेला. सूंऽऽऽऽऽ.
शेगडी पेटली. भक्क. आणि पेटलेलीच राहिली.
चहा उकळला. खदखद खदखद.
आणि गोधडी सुटली.

गोधडी सुटली, तशी लाट आली. मोठी. फस्सऽऽ. लाटेने गोधडी उचलली. निघाली की घेऊन.
पण वारा होता वाटेवरच. त्याला आता कुठे आपटायचं नव्हतं. त्याने गोधडीचं दुसरं टोक धरलं. फर्रर्र.
गोधडी उडाली. वैजूकाकींच्या डोक्यावरून गेली. आजोबांच्या नाकावरून गेली. घरगाडीच्या दारातून आत गेली. आणि दोरीला लोंबणाऱ्या राईवर पडली.
थप्प.
ओली. गार. वाळूने भरलेली. मधोमध चाकाचा ठसा.
पण राईची.

इकडे आजोबा खुर्चीतून उठले. बघतात तर गाडी चालली पुढे.
"अरे," आजोबा ओरडले, "कंडक्टर खाली राहिला."
आजोबा पळाले. एका पायात चप्पल. फटक फटक. "थांबव की रे."
बाबा आतून म्हणाला, "एक बेल कुठे झालीय?"
"मी खाली आहे. बेल कशी देऊ?"
"बेल नाही तर थांबायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."
राईने गोधडीतून डोकं बाहेर काढलं. दोरीला दिला एक हिसका.
टिंग.
कच्च.
गाडी थांबली. उंचावर. सुक्या वाळूत. सुरूच्या झाडांखाली. समुद्राचा हात तिथे पोचत नाही.

मागून आली आई. हातात पातेलं. चहा एक थेंबही सांडला नव्हता.
तिच्यामागून आल्या वैजूकाकी. टोपलीत कालवं, कालवांवर चप्पल. "गावली," त्या म्हणाल्या.
सगळे चहा प्यायले. फुर्र. फुर्र. फुर्र.

आजोबांनी कप खाली ठेवला. कंडक्टरचा आवाज काढला.
"बेल कुणी दिली?"
बाबाने आईकडे पाहिलं. आईने वैजूकाकींकडे पाहिलं. वैजूकाकींनी कपात पाहिलं.
राई म्हणाली, "मी."
"कुणाला विचारून?"
"सगळ्यांना विचारून," राई म्हणाली. "चाकाला तर दोनदा."
आजोबांनी तोंड उघडलं. आजोबांनी तोंड मिटलं.
वैजूकाकी हसल्या. इतक्या हसल्या, की कप हिंदकळला. "बरोबर बोलता पोरगी," त्या म्हणाल्या.
आजोबांनी कप पुन्हा उचलला. त्यांनी आणखी एक घोट घेतला. तो बराच वेळ पुरला.

आईने गोधडी झटकली. गाडीच्या आरशावर टांगली. वारा आला. त्याने तिला फडफड फडफड वाळवलं.
आता गोधडी कोरडी. आता गोधडी ऊन ऊन.
राईने ती ओढत नेली. दारापाशी. आजोबांच्या जागेवर. अगदी घंटेखाली.
पंजे मारले. इकडे दोन, तिकडे दोन. गोल फिरली.
गप्प.

निघायची वेळ झाली. वैजूकाकी टोपली घेऊन घरी गेल्या. आईने पातेलं आत ठेवलं. कांदे टोपलीत भरले. बाबा बसला पुढे. टोपी सरळ केली. डबल बेलची वाट बघू लागला.
आजोबा चढले. आपल्या जागेपाशी आले. जागेवर राई.
आजोबा उभेच राहिले. दोरी हातात घेतली. वर घंटा. खाली राई. राईचं पोट वर खाली, वर खाली.
आजोबांनी दोरी सोडून दिली.
बाबाने आरशात पाहिलं. भुवया उंचावल्या.
आजोबांनी हात वर केला. आणि दोन बोटं दाखवली.
घुर्र. पण हळूच.

गाडी गेली पुढे. समुद्र राहिला मागे.
गोष्टीचा शेवटचा थांबा आला. शू. पावलं न वाजवता उतरा.